घरातली तरबियत: खोटं, नमाज, पाणी, पैसा आणि मोबाइल

मुलगा कुरआनच्या सात-आठ सूरा (अध्याय) पाठ म्हणतो, जेवणाआधी बिस्मिल्लाह चुकत नाही, मकतबला (दीनी शिकवणीला) खाडा नाही. आणि घरात काही फुटलं की पहिलं वाक्य, ‘मी नाही केलं.’ भुसावळ असो, रावेर असो, धुळे असो, आईबापांचा प्रश्न हाच असतो: पोरगं दीन (धर्म) शिकतंय, मग वागण्यात का उतरत नाही?

शिकवणं आणि घडवणं ही दोन निराळी कामं आहेत, म्हणून. तालीम, म्हणजे शिकवणं, मकतबमध्ये आणि शाळेत होते. तरबियत घरात होते, आणि या अरबी शब्दाच्या मुळाशीच ‘वाढवणं’ हा अर्थ आहे. आपल्याकडे केळीला ठिबकनं रोज थोडं पाणी देतात. पंधरा दिवसांत एकदा पाट फोडून दिला तर बाग धरत नाही. अल्लाहला सर्वांत आवडणारं काम ते, जे थोडं असलं तरी नेमानं होतं, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, त्यांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितली आहे. म्हणून या लेखातलं सगळं एकदम सुरू करू नका. एक सवय धरा, तिला तीन-चार आठवडे द्या, ती अंगवळणी पडली की पुढची. एकाच जुम्याला (शुक्रवारी) पाच नियम भिंतीवर लावले, तर पुढच्या जुम्याला त्यातला एकही उरत नाही.

पहिलं काम मोठ्यांचं

मूल खोटं बोलायला बहुतेक वेळा घरातच शिकतं. दारावर उसनवारीवाला आला की ‘सांग, अब्बा घरी नाहीत’. रडणाऱ्या पोराला ‘चूप बस, वेफर आणते’, आणि वेफर येतच नाहीत. न झोपणाऱ्याला ‘पोलीस घेऊन जाईल’. ही तिन्ही वाक्यं बंद केल्याशिवाय मुलाला सच्चाईवर काहीही सांगू नका, ते ऐकणार नाही.

अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असतानाचा एक प्रसंग हदीसमध्ये आला आहे. आईनं त्यांना हाक मारली, ‘ये, तुला काही देते.’ पैगंबर मुहम्मद (स.) घरात बसले होते. त्यांनी विचारलं, काय देणार आहेस? आई म्हणाली, खजूर. तेव्हा ते म्हणाले, काही दिलं नसतंस, तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. मुलाला फुसलावण्यासाठी बोललेलं वाक्यसुद्धा खोट्यातच मोजलं गेलं, हे ध्यानात घ्या.

करायचं एवढंच: चार आठवडे मुलाला दिलेला प्रत्येक शब्द पाळायचा. जे जमणार नाही ते कबूल करायचं नाही, ‘बघू’ असंही म्हणायचं नाही. ‘आज नाही, रविवारी बाजारातून आणू’ म्हटलं की रविवारी आणायचंच. विसरलात तर मुलासमोर स्पष्ट म्हणा, ‘मी कबूल केलं होतं, माझ्याकडून राहिलं, माफ कर.’ मोठ्यांचा मान यानं कमी होत नाही. चुकल्यावर कसं वागायचं, हे मूल इथूनच उचलतं.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. समजा, काचेचा पेला फुटला आहे आणि कोणी फोडला ते तुम्हाला दिसतंय. अशा वेळी ‘कोणी फोडला?’ असं दरडावून विचारलं, तर तुम्ही मुलाला खोटं बोलायची संधीच देता. त्याऐवजी म्हणा, ‘पेला फुटलाय. चप्पल घाल आणि सुपडी आण, काचा कुठं कुठं उडाल्यात ते बघू.’ काचा दोघांनी मिळून गोळा करा. तेवढ्यात मूल आपणहून बोलतं, ‘अम्मी, माझ्या हातून निसटला.’ तिथं फक्त ‘खरं सांगितलंस, शाबास’ म्हणा आणि गप्प बसा. ‘पण तुला शंभरदा सांगितलं होतं’ हे जोडलंत, की खरं बोलण्याची किंमत वसूल झाली असं त्याला वाटतं. पुढच्या खेपेला ते बोलत नाही.

इतिहासकार इब्न खलदून (1332–1406) यांनी सहाशे वर्षांपूर्वी हेच कारण मांडलं होतं: धाकात आणि माराखाली शिकलेलं मूल आळशी होतं, मनातलं लपवून वेगळंच दाखवायला लागतं, आणि पुढं तोच त्याचा स्वभाव बनतो. मुलाच्या खोटेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या घरात आम्ही आधी हे विचारतो, की खरं बोलल्यावर या घरात काय होतं?

सुरुवात कुठून: लुकमान यांचा क्रम

कुरआनच्या 31 व्या सूरेत हजरत लुकमान मुलाला उपदेश करतात, आयत 13 ते 19. पालकांनी हा भाग समजेल त्या भाषेत सावकाश वाचावा. यावल-चोपड्याकडच्या तडवी घरांत आणि मराठी शाळेत जाणाऱ्या पुष्कळ मुलांना उर्दू वाचता येत नाही. त्यांना मराठीत, अहिराणीत, घरात जे बोलता त्यात अर्थ सांगा. अर्थ न कळता पाठ झालेलं जिभेवर राहतं, हातापर्यंत येत नाही.

लुकमान तीनदा ‘या बुनय्या’ म्हणतात, म्हणजे ‘माझ्या लाडक्या बाळा’. बोलण्याची सुरुवात दरडावण्यानं नाही. आधी अल्लाह एक असल्याची ओळख, मग आईबापांचा हक्क, मग मोहरीच्या दाण्याएवढं कर्मसुद्धा अल्लाहपासून लपत नाही हे, त्यानंतर नमाज आणि सबर (धीर), आणि शेवटी चालणं-बोलणं: लोकांपुढे गाल फुगवून फिरू नकोस, चालीत मध्यमपणा ठेव, आवाज खाली ठेव.

यातली मोहरी मुलाला हातात देऊन दाखवण्यासारखी आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या तळहातावर मोहरीचा एक दाणा ठेवा. मग तो त्यालाच ज्वारीच्या परातीत टाकायला सांगा, हातानं ज्वारी ढवळा आणि म्हणा, ‘आता शोध.’ पाच मिनिटं शोधू द्या. सापडला नाही की सांगा, ‘तुला-मला दिसत नाही. अल्लाहला दिसतोय. तू दादीला कुणी न सांगता पाणी नेऊन दिलंस ना, तेही दिसलं.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. अल्लाह बघतोय हे आपण बहुधा पोर चुकल्यावरच सांगतो, म्हणून मुलाच्या मनात अल्लाह म्हणजे पहारेकरी होऊन बसतो. जहन्नमची वर्णनं या वयात नकोत. आई आपल्या बाळावर जितकी दया करते त्याहून अधिक दया अल्लाह बंद्यांवर करतो, ही हदीस आधी पोचू द्या.

नमाज: सात ते दहा

अबू दाऊदच्या हदीससंग्रहातली आज्ञा सर्वांना ठाऊक आहे: मूल सात वर्षांचं झालं की नमाजचं सांगा, दहाव्या वर्षी न पढल्यास कडक व्हा (मूळ शब्द ‘मारा’ असा आहे, त्याबद्दल पुढे), आणि अंथरुणं वेगळी करा. लोक दहा लक्षात ठेवतात आणि सात विसरतात. मधली तीन वर्षं मोजून बघा: दिवसाला पाच, म्हणजे पाच हजारांहून जास्त वेळा प्रेमानं बोलावायचं आहे. ज्यानं ही हाक दिलीच नाही, त्याला दहाव्या वर्षी कडक होण्याचा हक्क कुठून येणार?

पाचही वेळा एकदम सुरू करू नका. मगरिबपासून (सूर्यास्तानंतरच्या नमाजपासून) सुरुवात करा. घरात सगळे असतात, फर्ज (सक्तीच्या) तीनच रकात आहेत, आणि वेळ तंग असल्यानं ‘नंतर पढतो’ला जागा राहत नाही. पहिला महिना फक्त मगरिबचे फर्ज, अब्बांच्या किंवा अम्मीच्या शेजारी. दुसऱ्या महिन्यात इशाचे (रात्रीचे) फर्ज जोडा, मग असर (दुपारनंतरची), मग जुहर (दुपारची). शाळेच्या वेळेत येणाऱ्या जुहरसाठी सुट्टीच्या दिवसांपासून सुरुवात ठेवा.

फजर (पहाटेची) शेवटी, आणि तीही थंडीत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे फजरला साडेपाच-सहाच्या पुढे उठवलं तरी चालतं. मे महिन्यात सुरू केलंत तर पहाटे साडेचारच्या आत-बाहेर उठवावं लागतं, रात्री उकाड्यानं मूल उशिरा झोपलेलं असतं, आणि आठ दिवसांत भांडण सुरू होतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांच्या वर झोप लागते. साडेपाचला उठवायचं असेल तर साडेआठपर्यंत अंथरुणावर जायला हवं. फजरची तयारी रात्रीच करावी लागते ती अशी.

नमाज मोजून पैसे देऊ नका. ‘दहा नमाजांना दहा रुपये’ पहिल्या पंधरवड्यात छान चालतं, मग मूल वीस मागतं. बक्षीस द्यायचंच तर अवचित द्या: मोठी सूरा पाठ झाली म्हणून नवी टोपी, नवी ओढणी. पाहुण्यांसमोर ‘दाखव बरं पढून’ असंही करू नका, त्यातून रियाची (दिखाव्याची) सवय लागते.

आणि नमाजेत लहान मूल पाठीवर चढलं, समोर आलं, तर ओरडू नका. पैगंबर (स.) नात उमामा हिला उचलून नमाज पढले आहेत आणि बाळाचं रडणं ऐकून त्यांनी नमाज आटोपती घेतली आहे. मशिदीत मुलांना मागून ‘चूप!’ म्हणून खेकसणाऱ्या बुजुर्गांना ही हदीस अदबीनं जरूर सांगावी.

वुजूचं पाणी

पुष्कळ गावांत नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येतं. त्यामुळे इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, इथं पाण्यावर शिकवावी.

पैगंबर (स.) एक मुद पाण्यात वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) करत. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, आजच्या मापात पाऊण लिटरच्या आसपास. एक दिवस नळाखाली बादली ठेवून मुलाला नेहमीसारखा वुजू करू द्या आणि साठलेलं पाणी लिटरच्या मापानं त्याच्याकडूनच मोजून घ्या. काही बोलायची गरज उरत नाही. पुढचा आठवडा नळ बंद, एक लिटरचा लोटा. मग दर आठवड्याला थोडं कमी करत पाऊण लिटरवर या. पाण्याची धार करंगळीपेक्षा जाड पडली की लोटा पायांपर्यंत पुरत नाही, सगळ्यांचं इथंच चुकतं. पाणी कमी पडलं तर प्रत्येक अवयव एकेकदा नीट धुतला तरी फर्ज अदा होतं, तीनदा धुणं सुन्नत आहे, हेही त्याला याच वेळी सांगा.

एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या घरात जातो तेव्हा गच्चीवर मातीचं पसरट भांडं ठेवायचं काम मुलाच्या नावावर करा. तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस त्या दिवशी सांगा, आधी नको. भांडं सावलीत हवं, पाणी रोज बदलायचं, दोन दिवसांनी आतून घासायचं. नाहीतर शेवाळ धरतं आणि डास होतात.

शोरबा, शेजार आणि बाजार

हजरत अबू जर (रजि.) यांना पैगंबर (स.) यांनी सांगितलं होतं: शोरबा शिजवशील तेव्हा पाणी जास्त टाक आणि शेजाऱ्याची आठवण ठेव. आठवड्यातून एक दिवस ठरवा. वांग्याचं भरीत असो, शेवभाजीचा रस्सा असो, एक वाटी शेजारी जाईल आणि ती मूलच नेईल. दार तीनदा वाजवायचं, उत्तर आलं नाही तर परतायचं, घरात डोकवायचं नाही: इजाजतचा (परवानगी मागण्याचा) अदब याच फेरीत शिकून होतो.

शेजार फक्त मुसलमानांचा नसतो. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, ‘आपल्या यहुदी शेजाऱ्याला दिलं का?’ कुरआन 60:8 (सूरा 60, आयत 8) मध्ये जे तुमच्याशी लढत नाहीत त्यांच्याशी भलाईनं आणि न्यायानं वागायला सांगितलं आहे. ईदला शाकाहारी शेजाऱ्याकडे शीरखुर्मा पाठवताना भांडं स्वच्छ आणि वेगळं ठेवा, आणि का ते मुलाला सांगा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्यांच्याकडून सांजोऱ्या आल्या तर रिकामा डबा परत करू नका. वर्गमित्रांच्या सणांबद्दल मूल प्रश्न विचारेल. आपली इबादत काय आणि शेजारधर्म काय, हे शांतपणे वेगळं करून सांगा. दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल मात्र घरात एकदाही होता कामा नये. सूरा हुजुरातच्या 11 व्या आयतीत टिंगल आणि टोपणनावं ठेवणं, दोन्ही मना आहेत. ‘काळ्या’, ‘जाड्या’, ‘चष्मिस’ ही नावंही त्यात आली.

पैशाची अमानत, म्हणजे विश्वासानं सोपवलेलं जपणं, सात-आठ वर्षांपासून शिकवा. किराणा आणायला पाठवा, उरलेले पैसे चिठ्ठीसकट परत घ्या, रुपया-दोन रुपयेसुद्धा. ‘राहू दे तुला’ म्हणायचं असेल तर पैसे परत हातात आल्यावर म्हणा, आधी नको. क्रम बदलला की अमानतीचा अर्थच बदलतो. दुकानदारानं चुकून जास्त दिले तर मुलालाच परत करायला लावा, लांब जावं लागलं तरी.

शेतकरी आणि व्यापारी घरांसाठी एक हदीस फार जवळची आहे. पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसानं भिजलं. ते म्हणाले, मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसेल असं? जो फसवतो तो आमच्यातला नाही. कापसाच्या गाडीवर वजनासाठी पाणी मारणं म्हणजे नेमकं हेच. खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचा कापूस घेत नाहीत, त्यामुळे पकडलं जाण्याची भीती असतेच. पण मुलाला मीटरची भीती शिकवायची नाही. वेचणीच्या दिवसांत त्याला गंजीत हात घालायला लावा, दव सुकलेला आणि न सुकलेला कापूस बोटांना ओळखू द्या, आणि मग ही हदीस सांगा. ज्या घरात पोरासमोर पाणी मारलं जातं, तिथं मापात कमी देणाऱ्यांबद्दलची सूरा मुतफ्फिफीन पाठ करून घेण्यात काय हशील?

चूक झाल्यावर

इस्लामी विद्वान इमाम गजाली (मृत्यू 1111) यांनी दिलेली पद्धत आजही जशीच्या तशी वापरता येते. पहिली चूक, तीही मूल स्वतःच लाजून लपवत असेल तर, न पाहिल्यासारखी करा. तीच चूक पुन्हा झाली तर एकांतात सांगा. चारचौघांत नाही, भावंडांसमोर नाही, नातेवाइकांना फोनवर तर नाहीच. सतत बोलत राहू नका, त्यानं शब्दांची धार जाते आणि मूल निबर होतं.

एकांतात बोलण्यासाठी आधी स्वतःचा राग उतरला पाहिजे. उभे असाल तर बसा, तरी शमला नाही तर आडवे व्हा, ही हदीसच आहे. मग तीनच गोष्टी: काय झालं, कुणाचं नुकसान झालं, भरपाई कशी करायची. बहिणीची वही फाडली, तर नवी वही स्वतःच्या खाऊच्या पैशांतून आणि पान उतरवून देणं. माफी मागायला लावून तिथंच सोडलं, तर मूल ‘सॉरी’ म्हणून सुटायला शिकतं.

मारण्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. दहा वर्षांच्या हदीसचा आधार घेऊन लोक चार-पाच वर्षांच्या मुलाला चापट मारतात, अभ्यासावरून मारतात, रागात मारतात. फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, मारण्याच्या या परवानगीला घातलेल्या अटी बघा: तोंडावर नाही, वळ उठेल असं नाही, रागात नाही. आणि हजरत आयेशा (रजि.) सांगतात, पैगंबर (स.) यांनी स्वतः कधी कुणा स्त्रीवर किंवा नोकरावर हात उगारला नाही. हजरत अनस (रजि.) यांनी लहानपणापासून दहा वर्षं त्यांची खिदमत केली, एकदाही ‘उफ’ ऐकलं नाही. आमचं मत साफ आहे: ज्या सुन्नतवर चालायचं ती ही.

भावंडांमध्ये डावं-उजवं करू नका. नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला भेट दिली, तेव्हा पैगंबर (स.) यांनी साक्षीदार व्हायला नकार दिला. मुलाच्या ताटात बोटी आणि मुलीच्या ताटात रस्सा, हाही तोच अन्याय. जेवल्यावर ताट उचलणं मुलांचंही काम आहे, पैगंबर (स.) स्वतः घरातली कामं करत.

दहाच्या पुढे: मोबाइल आणि शरीर

इशानंतर घरातले सगळे फोन एका जागी, बैठकीत. अब्बांचाही. हे जमणार नसेल तर मुलावर नियम लादू नका. लहान मुलाचा फोन मोठे बघणार असतील तर ते आधीच उघड सांगा. चोरून तपासणं हा तजस्सुस (हेरगिरी) झाला आणि तो 49:12 मध्ये मना आहे. फॉरवर्ड आला की 49:6 प्रमाणे एकच प्रश्न विचारायची सवय लावा: ‘हे कुणी सांगितलं, आणि त्याला कसं कळलं?’

मुलाच्या फोनवर घाण काही दिसलं तर लगेच शिव्याशाप सुरू करू नका. एका तरुणानं पैगंबर (स.) यांच्याकडे चक्क जिनाची, म्हणजे व्यभिचाराची, परवानगी मागितली होती. लोक त्याच्यावर धावून गेले, पण त्यांनी त्याला जवळ बसवलं आणि विचारलं, तुझ्या आईसाठी हे चालेल का? बहिणीसाठी? मग छातीवर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ केली. वडिलांनी मुलाशी याच स्वरात बोलावं.

सूरा नूरच्या 58 व्या आयतीत मुलांनी तीन वेळा परवानगी घेऊन आत यावं असं सांगितलं आहे: फजरआधी, दुपारच्या विश्रांतीला, इशानंतर. एकाच खोलीचं घर असेल तर पडदा लावा आणि बाहेरून सलाम करण्याची सवय ठेवा. याच पाठाला जोडून सांगा, की त्याच्या सतरला (झाकायच्या अंगाला) कुणीही हात लावू शकत नाही, नातेवाईक नाही, शिकवणारा नाही. असं झालं तर अम्मीला त्याच दिवशी सांगायचं. 1098 हा मुलांच्या मदतीचा, चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घ्या.

रोजा आणि मकतब

बालिग होईपर्यंत, म्हणजे वयात येईपर्यंत, रोजा फर्ज नाही. सहाबांच्या (पैगंबरांच्या सोबत्यांच्या) घरी आशूराला (मुहर्रमच्या दहाव्या दिवशी) लहान मुलांना रोजा ठेवायला लावत, आणि पोर भुकेनं रडलं की लोकरीचं खेळणं हातात देत. तीच हिकमत वापरा: आधी दुपारपर्यंतचा, मग असरपर्यंतचा, आणि दुपारच्या वेळेसाठी काहीतरी करमणूक तयार. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या थंडीच्या दिवसांकडे आला आहे. पहिला पूर्ण रोजा ठेवायला ही वर्षं सोयीची आहेत. चक्कर आली, ओठ सुकले, लघवी कमी झाली, की तिथंच पाणी द्या आणि ‘अर्धवट राहिला’ असं म्हणू नका.

मकतब निवडताना वीस मिनिटं मागं बसून बघा. दार उघडं आहे का, उस्ताद मुलांना नावानं हाक मारतात का, टेबलावर छडी आहे का, एका उस्तादाकडे मुलं किती. मुलाला शाळा, ट्यूशन आणि मकतब यांतून खेळायला रोज तासभर मिळतो का, हेही मोजा. मकतबनंतर मुलाला खेळू द्या, नाहीतर त्याचं मन मरतं, असं गजालींनीच बजावलं आहे.

महिन्यातून एकदा उस्तादांना भेटा. ‘किती पारे (कुरआनचे भाग) झाले?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: दुसऱ्याची चप्पल घालून जातो का? धडा आला नाही तर तसं सांगतो की बहाणा करतो? लहान मुलांना पाण्याच्या रांगेत पुढं सोडतो का? उस्ताद पहिल्या भेटीत कदाचित गडबडतील, हे कुणी विचारत नाही. दुसऱ्या महिन्यात ते स्वतः बघून ठेवतात.